रेस्क्यू केलेले उंदीर पाळताना: आधी डॉक्टर, मग पिंजरा, उंदीर सगळ्यात शेवटी

पाळीव उंदीर दत्तक घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी उंदीर घरी आणतात, संध्याकाळी पिंजरा शोधायला निघतात आणि काही आठवड्यांनी एखादा घरघर करायला लागला की डॉक्टरांचा नंबर विचारत फिरतात. हा क्रम पूर्ण उलटा करायचा. आधी डॉक्टर, मग घरच्यांचा होकार, मग पिंजरा आणि खाण्याची सोय, आणि हे सगळं झाल्यावर उंदीर. पुढचं सगळं याच क्रमाने आणि महाराष्ट्रातलं ऊन, पावसाळा आणि फ्लॅटमधलं राहणं गृहीत धरून लिहिलं आहे. परदेशी व्हिडिओंमधले सल्ले थंड हवेतल्या घरांसाठी असतात; आपल्याला मे महिना काढायचा असतो.

हे कुठले उंदीर?

पाळीव उंदीर म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस या तपकिरी उंदराचे माणसाळलेले वंशज. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उंदीर पकडणाऱ्यांनी वेगळ्या रंगाचे उंदीर बाजूला ठेवून त्यांची पैदास सुरू केली, आणि १९०१ मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात ते रीतसर पाळीव प्राणी म्हणून मांडले गेले. प्रयोगशाळेतला पांढरा विस्टार उंदीर याच जातीचा. आपल्याकडे मिळतात ते बहुतेक पांढरे आणि लाल डोळ्यांचे, किंवा डोकं-खांदे काळे आणि बाकी अंग पांढरं असलेले. माळ्यावर खुडबुड करणारा आपला नेहमीचा उंदीर बहुधा रॅटस रॅटस असतो, आणि गटारातली घूस तर वेगळ्याच प्रजातीतली. कपाटाच्या खणात सापडलेलं रानटी पिल्लू बाटलीने दूध पाजून वाढवता येईलही, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातात वाढलेल्या उंदराचा स्वभाव त्यात येत नाही. हा लेख त्या पिल्लासाठी नाही.

रेस्क्यू होणारे उंदीर येतात कुठून? सर्वाधिक येतात चुकीच्या ‘जोडी’मधून. दुकानदार दोन माद्या म्हणून देतो, त्यातला एक नर निघतो. मादी पाच-सहा आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते, गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा, एका वेतात साधारण ८ ते १२ पिल्लं, आणि व्यायल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. नर तिथेच असेल तर दोन महिन्यांत घरमालकाचा फोन येतो. त्याखालोखाल शिक्षण संपवून शहर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे उंदीर, आणि सापांना खाऊ घालण्यासाठी वाढवलेले. प्रयोगशाळेतून येणारे थोडे. त्यांच्याबाबत मी कडक आहे: संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या लेखी परवानगीने आलेला असेल तरच घ्यावा. मागच्या दाराने दयेपोटी बाहेर काढलेल्या उंदराला काय टोचलं होतं, हे कळायला मार्ग नसतो.

आणखी एक. दुकानातल्या कोंदट पेटीतला उंदीर पैसे देऊन ‘सोडवणं’ म्हणजे रेस्क्यू नव्हे. तुम्ही रिकामी केलेली जागा दुकानदार पुढच्या आठवड्यात भरतो. फॉस्टर करणाऱ्या (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या) माणसाकडून, प्राणी संस्थेकडून किंवा थेट आधीच्या मालकाकडून घ्या.

डॉक्टर शोधणं

आपल्याकडचे बहुसंख्य प्राण्यांचे डॉक्टर कुत्रा-मांजर बघतात, गावाकडे गाय-म्हैस. उंदीर टेबलावर ठेवल्यावर काही जण हसतात, काही प्रामाणिकपणे ‘अनुभव नाही’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांचा नंबर जपून ठेवा, ते पुढे योग्य ठिकाणी पाठवतात. मोठ्या शहरांत पक्षी, ससे, कासवं बघणारे ‘एक्झॉटिक’ व्हेट असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. शहर लहान असेल तर महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांची चिकित्सालयं आहेत: मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर. उंदीर बघतील का, हे आधी फोन करून विचारा.

फोनवर एक प्रश्न जरूर टाका: ‘ऑपरेशन करायचं झालं तर आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?’ कुत्र्या-मांजराला ठेवतात, कारण भूल दिल्यावर उलटी होऊन श्वासनलिकेत जायची भीती असते. उंदराला उलटी करताच येत नाही, आणि इतक्या लहान जिवाची साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी उंदीर हाताळलेले असतात. दुसरा प्रश्न, गॅसची भूल आहे का. आइसोफ्लुरेन असेल तर उत्तम.

घरचे, शेजारी आणि प्लेग

घरातल्या मोठ्या माणसांची किळस उगाच नसते. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने घरंच्या घरं रिकामी केली. हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगवर लस काढली ती मुंबईत. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावचं आणि सुरतचं नाव पुन्हा प्लेगमुळे पेपरात आलं. मुंबई महापालिका आजही रात्रपाळीत उंदीर मारायला माणसं नेमते, आणि प्रत्येक पावसाळ्यात लेप्टोचा इशारा निघतो. या घरात तुम्ही उंदीर आणणार आहात. तेव्हा ‘किती गोड दिसतो’ म्हणण्याऐवजी खरी माहिती द्या: पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराचा रानटी उंदराशी आणि त्याच्या पिसवांशी संबंध येऊ दिला नाही तर हे आजार त्याच्याकडे येण्याची वाट बंद राहते. तो संबंध येऊ न देणं ही मात्र तुमची जबाबदारी.

धोका शून्य आहे असंही सांगू नका. चाव्यातून किंवा ओरखड्यातून ‘रॅट बाइट फीव्हर’ होऊ शकतो: काही दिवसांनी ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी. चावा लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली जखम भरपूर धुवा, डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर घरी उंदीर आहेत हे आठवणीने सांगा. सांगितल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरांच्या ते डोक्यात येणार नाही. घरात तान्हं मूल असेल, कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं चालू असतील, तर आत्ता थांबा. दमेकऱ्यांनी आधी फॉस्टरच्या घरी पिंजऱ्याजवळ तासभर बसून बघावं. उंदराच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी खरी असते आणि प्रयोगशाळेत उंदरांसोबत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ती होते.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी सांगा. सोसायटीची पेस्ट कंट्रोलवाली मंडळी कधी येतात तेही विचारून ठेवा. उंदीर मारायचे केक आणि चिकट ट्रॅप जिन्यात ठेवलेले असतात, आणि तुमचा उंदीर दाराच्या फटीतून निसटला की थेट तिथेच जातो.

पिंजरा

दोन उंदरांसाठी माझं माप आहे किमान अडीच फूट लांब, दीड फूट खोल आणि अडीच ते तीन फूट उंच. दुकानात ‘हॅम्स्टर केज’ म्हणून मिळणारे रंगीत प्लॅस्टिकचे डबे उंदरासाठी निरुपयोगी आहेत. पूर्ण वाढलेली मादी पाव किलोच्या वर जाते आणि नर सहज अर्धा किलोचा होतो. काचेची टाकीही नको. तिच्यात हवा खेळत नाही, लघवीतला अमोनिया तळाशी साचतो आणि उंदराची फुप्फुसं आधीच नाजूक असतात.

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत होता: दूध-दही, उरलेलं अन्न ठेवायचं जाळीचं कपाट. जुन्या बाजारात लोखंडी किंवा स्टीलचं मिळालं तर सोडू नका. त्याची बारीक जाळी काढून टाका, एका रात्रीत कुरतडली जाईल. हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आणून तारेने घट्ट बसवा. कापलेली टोकं कानशीने घासा. जाळी नवी जस्ताची असेल तर व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवा. अर्धा इंच हे माप कमी-जास्त करू नका. जिथून डोकं जातं तिथून अख्खा उंदीर जातो, आणि पिल्लाचं डोकं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लहान असतं. लव्हबर्डचा मोठा पिंजराही चालतो, पण त्याची सरकती दारं उंदीर नाकाने उचलतात. तिथे क्लिप लावा.

तळ आणि मजले भरीव हवेत. जाळीवर सतत चालून तळपायाला फोड येतात, ते चिघळतात आणि महिनोन्‌महिने बरे होत नाहीत. अंथरायला न छापलेला कागद फाडून, किंवा कागदापासून केलेलं बेडिंग. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. तो धुळीचा असतो, आणि देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडातली तेलं श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास देतात. झोपायला जुन्या टी-शर्टच्या झोळ्या बांधा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात बोट अडकून पिळवटतं. लपायला एका बाजूने फुटलेलं मडकं धारा घासून आडवं ठेवा. उन्हाळ्यात तेच गार राहतं.

पिंजरा जमिनीपासून वर ठेवा, खिडकीपासून दूर, स्वयंपाकघरापासून आणखी दूर. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, डांबरगोळ्या आणि फरशीचं फिनाईल ही सहाही त्या खोलीतून कायमची हद्दपार. डासांसाठी खिडकीला जाळी. आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: उंदीर पळवायचं म्हणून विकलं जाणारं प्लगमधलं अल्ट्रासोनिक यंत्र. उंदरांना माणसापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. घरात ते यंत्र असेल तर काढा.

ऊन आणि पावसाळा

उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, आणि फार झालं की लाळ अंगाला चोपडतो. पारा तिशीच्या पुढे गेला की त्याला त्रास सुरू होतो, पस्तिशीच्या पुढे जिवावर बेतू शकतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी पंखा पुरेसा नाही. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या हवेमुळे वाळ्याचा कूलर चांगलं काम करतो, फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको. कोकण-मुंबईच्या दमट हवेत कूलर उलट त्रास देतो. तिथे फरशीचा तुकडा फ्रीजमध्ये गार करून पिंजऱ्यात ठेवणं, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून देणं, परातीत उथळ पाणी आणि त्यात मटारचे दाणे हे उपाय करा. दाणे शोधता शोधता त्याचे पाय आणि शेपटी आपोआप भिजतात. एसी असलेल्या खोलीत दुपारपुरता पिंजरा हलवता आला तर उत्तम.

उंदीर पसरून पडला आहे, शेपटी तापलेली आणि लाल, तोंडातून लाळ, श्वास भरभर: हा उष्माघात. शेपटी आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करा, बर्फात घालू नका, आणि लगेच निघा. लोडशेडिंगच्या गावात राहत असाल तर दुपारी वीज गेली तर काय करायचं, हे उंदीर आणायच्या आधी ठरलेलं हवं.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. अंथरूण वाळत नाही, कागद ओला राहतो, अमोनियाचा वास चढतो. शीचा ट्रे रोज बदला. हो, उंदीर कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये शी करायला शिकतात, लघवीबाबत मात्र फार आशा ठेवू नका. अख्खा पिंजरा आठवड्यातून एकदा पुसा, रोज नको. सगळा वास घालवला की नर दुप्पट जोमाने पुन्हा खुणा करतात. धान्य घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्यांच्या वासाने रानटी उंदीर पिंजऱ्यापर्यंत आले तर लेप्टो आणि पिसवा दोन्ही घेऊन येतात, आणि मग घरच्यांना दिलेला शब्द मोडतो.

खाणं

उंदरांसाठी बनवलेले पेलेट (दाबून केलेल्या खाण्याच्या गोळ्या) मिळत असतील तर तोच मुख्य आहार ठेवा. दुकानातलं ‘मिक्स’ बहुतेक सूर्यफुलाच्या बिया असतात. उंदीर त्या वेचून खातो, बाकी टाकतो आणि लठ्ठ होतो. पेलेट न मिळाल्यास घरचं मिश्रण चालतं: मुख्य भाग ज्वारी, बाजरी, ओट्स, जव, थोडी नाचणी, सोबत शिजवलेली मसूर, मूग किंवा हरभरा, आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. अंडं न चालणाऱ्या घरात पनीर, दही, सोयाबीनचे शिजवलेले तुकडे. रोज थोडी भाजी: दुधी, काकडी, मटार, गाजर, ब्रोकोली, मेथीची चार पानं. हे मिश्रण डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण नुसत्या धान्यावर जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडतात. प्रमाण ढोबळमानाने असं: दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला ५ ग्रॅम कोरडं खाणं आणि १० मिली पाणी.

मीठ, तिखट, फोडणी यांतलं काहीही नको. खिचडी द्यायचीच तर आपल्यासाठी मीठ घालायच्या आधी दोन चमचे बाजूला काढा. कच्चा राजमा, कच्चा पावटा, हिरवट बटाटा आणि कच्चं रताळं विषारी ठरू शकतं. खवट किंवा ओलसर शेंगदाणे कधीच नाही. त्यांच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन उंदराच्या यकृताला कॅन्सर करतं, आणि ही गोष्ट उंदरांवरच सिद्ध झालेली आहे. नागपूरकरांसाठी खास: संत्र्याची साल नराला देऊ नका. सालीतल्या लिमोनीनने फक्त नर उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा होते, मादीला नाही. पीनट बटरसारखा चिकट गोळाही नको. घशात अडकला तर उलटून काढायची सोय त्याच्याकडे नाही.

आता उंदीर

एकटा उंदीर घेऊ नका. माणूस कितीही वेळ देवो, रात्री दोन वाजता त्याचं अंग चाटायला माणूस नसतो. दोन किंवा तीन, एकाच लिंगाचे, शक्यतो आधीपासून एकत्र असलेले. नर जरा सुस्त, मांडीवर पसरणारे, आणि जिथे चालतील तिथे थेंब टाकणारे. माद्या चपळ, सतत उद्योगी. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी पिल्लांपेक्षा सहा महिने ते वर्षभराचे उंदीर घ्यायला सांगते. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं, त्यातले काही महिने कमी मिळतील हे खरं, पण स्वभाव ठरलेला असतो, लिंग ओळखण्यात चूक होत नाही, आणि अशाच उंदरांना घर मिळत नाही.

फॉस्टरला विचारायच्या गोष्टी: वय, कधीपासून नर-माद्या वेगळे ठेवले, एकमेकांशी जमतं का, कधी कोणाला चावला का आणि कोणत्या प्रसंगी, शेवटचं औषध कोणतं, सध्या काय खातो. मादी गेल्या तीन आठवड्यांत नराजवळ असेल तर ती गाभण आहे असं धरूनच चाला. नराचं वृषण काढलं असेल तरी पुढचे तीन-चार आठवडे त्याला माद्यांत सोडू नका, तोवर तो पिल्लं देऊ शकतो.

मग स्वतः तपासा. डोळे उघडे आणि चमकदार. खांद्यांवर खपल्या नाहीत; असतील तर बहुधा उवा किंवा माइट (कातडीवरचे बारीक परजीवी). त्याला डॉक्टरांकडचा थेंब लागतो, घरची पावडर नाही. पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात, तो रोग नाही. पांढरा उंदीर डोकं डावी-उजवीकडे डोलवत असेल तर घाबरू नका. लाल डोळ्यांच्या उंदरांना अंधुक दिसतं, अंतराचा अंदाज घ्यायला ते असं करतात. त्यांना प्रखर उजेडात ठेवू नये एवढं लक्षात ठेवा. शेवटी उंदीर कानाशी धरून श्वास ऐका. शांतता हवी. टिकटिक किंवा खरखर ऐकू आली तर घ्यायचाच असेल तर घ्या, पण घरी जाण्याआधी डॉक्टरकडे.

आणताना दोघं एकाच कडक प्लॅस्टिकच्या मांजराच्या पेटीत, खाली जुनं कापड, आणि बाटलीऐवजी काकडीच्या फोडी. सकाळी लवकर किंवा रात्री प्रवास करा. एसटीने आणत असाल तर पेटी मांडीवर, डिकीत कधीही नाही. घरात आधीचे उंदीर असतील तर नव्यांना वेगळ्या खोलीत दोन आठवडे, आणि जुन्यांचं सगळं करून झाल्यावर नव्यांकडे जायचं, उलट नाही.

पहिला महिना

पहिले दोन दिवस काहीच करू नका. पिंजऱ्याची एक बाजू कापडाने झाका, तुमचा घातलेला टी-शर्ट आत टाका, खाणं-पाणी ठेवा आणि त्याच खोलीत आपापलं काम करत बसा. शेजारपाजारच्या पोरांना बोलावू नका.

मग चमचा. उघड्या दारातून चमच्यावर दही धरायचं. दाणा तोंडात धरून पळता येतं, दही चाटायला मात्र थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यातच ओळख होते. गजांमधून कधीच भरवू नका. गजांमधून जे येतं ते खाण्याचं असतं असं उंदीर शिकतो, आणि पुढच्या वेळी ते बोट असतं. चमचा हळूहळू जवळ, मग तळहातावर दही, मग तळहात त्याच्या पायांखाली. उचलायचं दोन्ही हातांची ओंजळ करून, खालून. वरून झडप घालणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि ती परत येत नाही.

मार खाल्लेले किंवा हाताळणीच न झालेले रेस्क्यू उंदीर हे सगळं मोडीत काढतात. दार उघडताच कोपऱ्यात गोठतात, अंग ताठ, डोळे मोठे. तिथे घाई केली की चावतात. एखाद्याला महिना लागतो, एखाद्याला तीन, आणि एखादा कधीच मांडीवर येत नाही, फक्त तुमच्यासमोर निवांत खातो. तेवढ्यावर समाधान मानता येणार असेल तरच घाबरट उंदीर घ्या. भरवसा बसल्याची खूण म्हणजे दात एकमेकांवर घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज, कधीकधी त्याबरोबर डोळे आतबाहेर होतात. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो.

रोज संध्याकाळी तासभर तरी बाहेर सोडायचं, बंद खोलीत. त्याआधी जमिनीवर पालथे पडून खोली बघा: चार्जरच्या वायरी, फ्रीजची पाठ, सोफ्याचं फाटलेलं अस्तर, दाराखालची फट. सुरुवातीला पलंगावर चादर टाकून तिथेच सोडणं सोपं पडतं. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद.

आजार

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून वजन घ्या आणि लिहून ठेवा. उंदीर आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. पूर्ण वाढलेल्या उंदराचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर बाकी सगळं ठीक दिसत असूनही डॉक्टरकडे जा.

डोळ्यांभोवती किंवा नाकाला लाल पापुद्रा दिसला की लोक रक्त समजून घाबरतात. ते पोर्फिरिन, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव. ओल्या कापसाने पुसा. एखाद्या दिवशी प्रवासामुळे किंवा ताणामुळे येतं. रोज येऊ लागलं तर काहीतरी दुखतंय. मुख्य संशयित मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात असतोच आणि ताण, धूळ, अमोनिया, थंडी मिळाली की डोकं वर काढतो. नव्या घरात आठवडाभर शिंका येणं चालतं. शिंकांबरोबर खरखर, फुगलेले केस, आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या दिसल्या तर त्याच दिवशी जा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच तासाला. औषध बहुधा डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन असतं, पण मात्रा वजनावर ठरते, आणि मेडिकलमधून स्वतः आणून अंदाजाने देणं म्हणजे जंतूला औषधाची सवय लावणं. जंतू पूर्ण जात नाही. आजार आटोक्यात ठेवायचा असतो.

माद्यांत दुसरा मोठा विषय गाठींचा. स्तनांच्या ऊती उंदरात मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून गाठ काखेत, पोटाच्या कडेला, कुठेही येते. बहुतेक गाठी साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात, पण झपाट्याने वाढतात आणि चालणं अवघड करतात. लिंबाएवढी होईपर्यंत वाट बघू नका. शेंगदाण्याएवढी असताना काढणं सोपं, भूलही कमी लागते. लहान वयात अंडाशय काढल्यास या गाठींचं प्रमाण बरंच घटतं. अनुभवी डॉक्टर असेल तर तरुण मादीबाबत हा पर्याय विचारा. याचा खर्च उंदराच्या ‘किमती’च्या कितीतरी पट असतो, आणि नातेवाईक ते बोलून दाखवतात. दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकत गेलात तर ती चर्चा निदान पैशावरून होत नाही.

दोन वर्षांच्या पुढे मागचे पाय अशक्त होतात. तेव्हा वरचे मजले काढा, पाणी खाली आणा, खाणं भिजवून द्या, पाठीवरचे केस चिकटले तर ओल्या फडक्याने पुसा. श्वासासाठी झगडत असेल आणि औषध चालत नसेल तर डॉक्टरांशी दयामरणाचं बोला. ते भूल देऊन व्हावं हा तुमचा आग्रह असू द्या.

जोडीतला एक गेला की दुसरा उरतो, आणि हा प्रश्न आणतानाच ठरवलेला बरा. उरलेला तरुण असेल तर त्याच लिंगाचे दोन नवे सोबती आणा. वेगळं ठेवण्याचा काळ संपल्यावर कोणाचाच वास नसलेल्या जागी, कोरड्या बाथटबमध्ये किंवा पलंगावर, थोडा थोडा वेळ भेट घालून द्या. ढकलाढकली चालते, केस फुगवून, तिरका होऊन चाल करू लागला तर वेगळे करा. तो म्हातारा आणि आजारी असेल, किंवा तुम्हाला पुन्हा उंदीर ठेवायचेच नसतील, तर ज्यांच्याकडून घेतला त्या फॉस्टरला फोन करा. त्यांच्याकडे बहुधा असाच एखादा एकटा राहिलेला असतो.